धुऱ्यावरचं बियाणं

खरिपात जैनथच्या शिवारात कुठंही उभं राहा, चहूकडे कपाशी दिसते. मधूनमधून तुरीच्या ओळी, थोडं सोयाबीन. 2002 मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि पुढच्या काही वर्षांत पैनगंगेच्या दोन्ही काठांवर, इकडे आमच्या आदिलाबादेत आणि पलीकडे यवतमाळात, दुकानात कपाशीचं दुसरं बियाणं मिळेनासं झालं. आमच्या घरी जुन्यातल्या दोनच गोष्टी उरल्या: पिवळी ज्वारी आणि अंगणातला देवकापूस. जतन करायचं असं कुणी ठरवलं नव्हतं. एकीची भाकर लागते, दुसऱ्याच्या वाती.

देवकापूस आईच्या ताब्यात. लाल फुलांचं हे झुडूप वर्षानुवर्षं तिथंच आहे. कार्तिकात लक्ष्मीनारायणस्वामींचा उत्सव लागला की गल्लीतल्या बायका कापूस मागायला येतात, ओसरीवर बसून सरकी काढतात, वाती वळतात. "दुकानातल्या कापसाची वात लवकर करपते," हे आईचं ठाम मत. देवाला काय चालतं ते मला ठाऊक नाही, पण तिच्या हट्टामुळं झाड आहे एवढं खरं. भोवती सगळी बीटी असूनही त्यात भेसळ होत नाही, याचं कारणही मजेशीर आहे. आपल्या देशी कापसात 26 गुणसूत्रं असतात आणि बीटी ज्या अमेरिकन जातीत आहे तिच्यात 52. मधमाशीनं कितीही खेपा घातल्या तरी त्यांचा संकर सहसा होत नाही.

निजामाच्या राज्यात नांदेड, परभणीपासून आमच्या भागापर्यंत देशी कापसाचंच राज्य होतं. त्याला गावरानी म्हणत. नांदेडच्या संशोधन केंद्रानं निवड करून काढलेले गावरानी-6, गावरानी-12 हे वाण जुन्या माणसांना आठवतात. खोल मूळ, पावसानं ताण दिला तरी तगणार, तुडतुड्यांना फारशी दाद न देणार. मग लोकांनी तो का सोडला? बोंड लहान, त्यामुळं वेचणीला मजुरी जास्त. फुटल्यावर वेचायला उशीर झाला की कापूस मातीत गळतो. आणि बाजारात भाव धाग्याच्या लांबीवर. सोडणाऱ्यांना नावं ठेवणं मला पटत नाही. कर्ज त्यांच्या डोक्यावर होतं.

ज्वारीचं तसं नाही. तिला आम्ही बाजारात नेतच नाही. ही उंच, पिवळ्या दाण्याची ज्वारी. शेजारचे तेलुगू भाषक तिला पच्चजोन्न म्हणतात. 1964 मध्ये सीएसएच-1 हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला आणि पाठोपाठ बुटक्या, लवकर येणाऱ्या ज्वारीची लाट आली. उत्पन्न भरघोस, पण दाणा भरताना परतीचा पाऊस गाठला की कणीस काळं पडायचं. जुनी उंच ज्वारी दिवस लहान होऊ लागले की मगच निसवते. पेरणी चार दिवस मागंपुढं झाली तरी दाणा भरतो तो पाऊस उघडल्यावर. वर बैलांना कडबा.

बियाण्याची निवड आईच करते, खळ्यात नव्हे, उभ्या पिकात. वावराच्या कडेची कणसं ती घेत नाही. धुऱ्यावरच्या बरूचा पराग तिथं येतो. मधोमध फिरून, दाणा स्वच्छ राहिलेली कणसं खुडते, चुलीवर आढ्याला टांगते, मग राखेत घालून मडक्यात. पाऊस लांबलेल्या वर्षी काळ्या कणसांतूनही जी स्वच्छ राहिली तीच पुढं गेली. पाटणचेरूला इक्रिसॅटच्या बियाणे पेढीत जगभरातून आणलेले ज्वारीचे चाळीस हजारांच्या आसपास नमुने थंडीत ठेवलेत. ते हवेतच, आमच्या मडक्याला भुंगा लागला तर आधार तोच. पण त्या थंडीत पाऊस लांबत नाही.

माझी खरी काळजी धुऱ्याची आहे. पिकांचे रानटी सोयरे तिथंच राहतात: बरू, काटवल, तुरीच्या नात्यातला तो केसाळ शेंगांचा वेल, ज्याला काही जण रानकुळीथ म्हणतात. घाटेअळीला तोंड देण्याचा गुण शोधायला शास्त्रज्ञ या वेलाकडं वळले आहेत. दुसऱ्या एका रानटी तुरीचा उपयोग करूनच इक्रिसॅटनं तुरीचा आयसीपीएच-2671 हा संकर घडवला. आणि आम्ही काय करतो? परवानगी नसलेली चोरबीटी आली, तिच्यासोबत तणनाशक आलं, आणि पंप हातात असला की माणूस धुराही सोडत नाही.

शेजाऱ्याला म्हटलं, दोन हात पट्टा राहू द्या. तो म्हणाला, "इचूकाटा निंघते भाऊ, बाया निंदाले येत नाहीत." त्याचंही खोटं नाही. शेवटी काटवलानं काम केलं. श्रावणात त्याला चांगला भाव येतो, म्हणून वेल असलेला तुकडा त्यानं फवारायचा सोडला. त्या आडोशानं बाकीचेही वाचले. पंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत नावं भरून जे झालं नसतं ते भाजीनं केलं.

यंदा पांढरकवड्याकडच्या आत्याच्या सुनेनं ज्वारीचं बियाणं मागितलं. 2001 च्या कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बियाणं ठेवायचा, देवाणघेवाण करायचा हक्क दिलाय, हे तिला मीच सांगितलं. तिला त्याची गरज नव्हती, पिशवी कधीच भरून झाली होती. तिची अडचण वेगळी. सगळ्या कपाशीत एकटं ज्वारीचं वावर असलं की पंचक्रोशीची पाखरं तिथंच उतरतात. आमचंही तेच. चार घरांनी लागून पेरली तर नुकसान वाटलं जाईल. दोघं तयार आहेत. राखणीला कुणाची पोरं बसवायची, यावर बोलणं अडलंय.