साक्षीला उभं राहण्याआधी

समन्स आलं तेव्हा अपघाताला काही वर्षं उलटली होती. सातारा रस्त्यावर मोटारीच्या धडकेत दुचाकीवरचा मुलगा गेला, मी समोरच्या बसथांब्यावर होते. नवे फौजदारी कायदे १ जुलै २०२४ पासून आले. गुन्हा त्याआधीचा, म्हणून खटला जुन्या दंड संहितेच्या कलम २७९ आणि ३०४-अ खालीच.

सरकारी वकील मॅडमनी माझा तेव्हाचा जबाब वाचायला दिला. त्यात लिहिलं होतं, ‘सदर चालकाने भरधाव वेगाने, हयगयीने व अविचाराने वाहन चालवून...’ हे मी बोललेच नव्हते. ब्रेक करकचून लागल्याचा आवाज आला, म्हणून मी मान वळवली. त्याआधीची मोटार मी पाहिलीच नव्हती, मग वेग कुठून सांगणार? पाहिलं ते एवढंच: घसरत गेलेली दुचाकी, बरीच पुढे जाऊन थांबलेली मोटार, आणि मोटारीच्या बाजूचा लाल सिग्नल.

“मग तेवढंच सांगा,” मॅडम म्हणाल्या. “उलटतपासणीत जबाब पुढे करतील. ‘असं मी सांगितलं नव्हतं’ म्हणायला कचरू नका. अंतर, वेळ अंदाजानं सांगू नका. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. आणि उत्तर न्यायाधीशांकडे बघून, सावकाश. ते टाइप होत असतं.”

त्या चौकात आता उड्डाणपूल झालाय. तिथे जाऊन यावं असं घरच्यांचं मत होतं. मी गेले नाही. आजचा रस्ता डोळ्यांत भरला असता तर तेव्हाचा पुसट झाला असता.

खरी कसोटी कोर्टाच्या व्हरांड्यात लागली. मुलाची आई जवळ येऊन बसली. “ताई, गाडी लई जोरात होती न्हवं?” हो म्हणावं असं आतून वाटत होतं. पण न पाहिलेला वेग मी सांगितला असता, तर उलटतपासणीत तो टिकला नसता आणि माझ्या लाल सिग्नलवरही कुणी विश्वास ठेवला नसता. मी त्यांचा हात धरला. “मावशी, पाहिलंय ते सगळं सांगते. लाल सिग्नल मी पाहिलाय.”

तेवढ्यात पुकारा झाला.

पोलीस कधी तुमचा जबाब घेतील तेव्हा तो पूर्ण वाचून दाखवायला सांगा. त्यावर तुमची सही घेत नाहीत, तरी वर्षांनंतर वकील तोच कागद तुमच्यासमोर धरतात. तुमच्या तोंडी नसलेला शब्द दिसला, तर तिथल्या तिथे बदलून घ्या.