शनिवार-रविवारचा फायटर पायलट

नोकरी सांभाळून माणूस काय काय करू शकतो याची आपल्या पिढीने भली मोठी यादी करून ठेवली आहे. एक्झिक्युटिव्ह एमबीए, शेअर बाजार, हाफ मॅरेथॉन, गिटार, ट्रेकिंग, गावाकडे आंब्याची बाग... विरार लोकलच्या गर्दीत एका हाताने कडी आणि दुसऱ्या हाताने नोट्स धरून लोक सीए झालेले आहेत. मग या यादीत लढाऊ विमान उडवणं का बसू नये? सोमवार ते शुक्रवार कोड, शनिवार-रविवार कॉकपिट. हसू नका मंडळी, जगात हे खरोखर चालतं. आपल्या मुंबईतही एकेकाळी चाललं होतं.

तसं पाहिलं तर पार्टटाइम सैनिक ही कल्पना आपल्याला नवी नाही. मराठ्यांचं सैन्य दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडायचं आणि पावसाळ्याच्या तोंडावर घराकडे वळायचं. त्यातले कित्येक जण मूळचे शेतकरीच. 1739 च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी आमच्या वसईचा किल्ला घेतला तेव्हाही पाऊस डोक्यावर आलेलाच होता. त्या फौजेत घोडेस्वारांचे दोन प्रकार असत. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन येणारा (आजच्या भाषेत कॉन्ट्रॅक्टर, लॅपटॉपसकट). आणि बारगीर म्हणजे ज्याला घोडा सरकारकडून मिळतो तो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मुंबईत विमानातले शिलेदार तयार व्हायला सुरुवात झाली ती जुहूच्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये. जेआरडी टाटांनी 1929 मध्ये इथूनच देशातलं पायलटचं पहिलं लायसन्स मिळवलं. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा हवाई दलाची व्हॉलंटियर रिझर्व्ह उभी राहिली. फ्लाइंग क्लबात शिकलेले नागरिक तिच्यात घेतले गेले आणि मुंबई, मद्रास, कलकत्ता, कराची, कोचीन अशा बंदरांवर त्यांच्या तुकड्या जुनाट वापिटी विमानांतून समुद्रावर पहारा देऊ लागल्या. स्वातंत्र्यानंतर 1952 मध्ये त्यासाठी रीतसर कायदा झाला आणि ऑक्झिलरी एअर फोर्स नावाचं प्रकरण सुरू झालं. 1955 मध्ये पहिली स्क्वाड्रन्स निघाली ती दिल्लीला आणि मुंबईला. मुंबईच्या स्क्वाड्रनचा नंबर 52. आपापले कामधंदे करणारी माणसं तिथे हार्वर्ड विमानं उडवायला शिकत. पुढे हे सगळं गुंडाळलं गेलं. जानेवारी 2024 मध्ये मरीन ड्राइव्हला सूर्यकिरणची कसरत बघायला तुमच्यापैकी बरेच जण गेले असतील. त्या टीमच्या स्क्वाड्रनचा नंबरही 52 च!

इंग्रजांकडे तर हा प्रकार जोरात होता. 16 ऑक्टोबर 1939 ला जर्मन बॉम्बर स्कॉटलंडवर चालून आले, तेव्हा त्यांना पाडणारी विमानं 602 आणि 603 या स्क्वाड्रन्सची होती. म्हणजे ग्लासगो आणि एडिंबरोच्या 'वीकेंड फ्लायर्स'ची. आठवडाभर वकिली-व्यापार करणारी ही मंडळी होती. पण 1957 मध्ये ब्रिटननेही आपली पार्टटाइम लढाऊ स्क्वाड्रन्स बंद केली. जेट विमानं महाग झाली, गुंतागुंतीची झाली. सुट्टीच्या दिवशी येऊन ती हातात ठेवणं परवडेना.

स्वित्झर्लंडने मात्र पार्टटाइम पायलट चालू ठेवले. एअरलाइनमध्ये नोकरी आणि अधूनमधून एफ-5 टायगर, अशी तिथली जुनी पद्धत. त्याच देशातला एक किस्सा प्रॉडक्शन सपोर्टवाल्यांनी जरूर वाचावा. 17 फेब्रुवारी 2014 च्या पहाटे इथिओपियन एअरलाइन्सचं विमान त्याच्याच को-पायलटने पळवून जिनिव्हाला आणलं. त्याच्या सोबतीला कोण आलं? इटालियन आणि फ्रेंच लढाऊ विमानं. कारण स्विस हवाई दलाची सेवा ऑफिस अवर्समध्येच मिळायची, सकाळी आठपासून, तीही लंच ब्रेक वगळून! यात दोष पार्टटाइम पायलटांचा नव्हता, बजेटचा होता. पण आकाशाची राखण 24 गुणिले 7 करायची तर माणसंही तशीच लागतात, एवढं त्यांना कळलं आणि 2020 च्या अखेरीपासून त्यांनी चोवीस तासांची ड्यूटी लावली.

सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकेचं. तिथल्या एअर नॅशनल गार्डकडे खरीखुरी एफ-16 आहेत. एडिसनच्या मराठी मंडळात गणपती बसवणाऱ्या मंडळींच्या राज्यातच, न्यू जर्सीच्या अटलांटिक सिटीला, गार्डची 177 वी फायटर विंग आहे. तिथे जन्मलेला एखादा जोशी किंवा पाटील उद्या तिथे भरती होऊ शकतो. (ग्रीन कार्ड चालत नाही. अधिकारी व्हायला नागरिकत्वच लागतं.) पण त्या जाहिरातीतला बारीक अक्षरांतला मजकूर वाचला की खरी गोष्ट कळते. निवड झाल्यावर आधी सुमारे दोन वर्षं पूर्णवेळ ट्रेनिंग, त्यानंतरही तयार होईपर्यंत बराच काळ पूर्णवेळ उड्डाण. आणि मग कुठे महिन्यातले काही दिवस. थोडक्यात, पार्टटाइम फायटर पायलट *राहता* येतं, पार्टटाइम फायटर पायलट *होता* येत नाही. आणि राहण्यासाठीसुद्धा सरकारकडे तुमच्यासाठी जास्तीचं विमान लागतं.

इथे आपला शिलेदार-बारगीर परत आला बघा. फायटर पायलट शिलेदार होऊच शकत नाही, घोडा फार महाग आहे. 36 राफेलचा 2016 चा सौदा 7.87 अब्ज युरोंचा होता, म्हणजे त्याला ईएमआय कोण देणार? आपल्या हवाई दलाला मंजूर आहेत 42 स्क्वाड्रन्स. सप्टेंबर 2025 मध्ये चंदीगडला मिग-21 निवृत्त झालं आणि आकडा 29 वर आला. जिथे पूर्णवेळवाल्यांनाच घोडे कमी पडतायत, तिथे रविवारच्या बारगिराला कोण विचारणार?

टेरिटोरियल आर्मी आपल्याकडे आहे की, असं कोणीतरी म्हणणारच. आहे. 1949 पासून आहे, छान आहे, 18 ते 42 वयाच्या नोकरदार पदवीधराला तिथे अधिकारी होता येतं. तिच्यात रेल्वेवाल्यांच्या आणि तेल कंपन्यांतल्या लोकांच्या खास तुकड्या आहेत. कारण इंजिन चालवणाऱ्याला लष्करात येऊन इंजिन चालवायला नव्याने शिकवावं लागत नाही, तो आपलं कसब सोबत घेऊन येतो, म्हणजे पक्का शिलेदार! पण टेरिटोरियल आर्मीत लढाऊ विमानं नाहीत. 2012 मध्ये तिच्यात एक पायलट दाखल झाले खरे, पण ते सचिन पायलट.

आता हे सगळं मी का खणत बसलो? तर बायकोचा मावसभाऊ. वय 23, राहणार विरार, शिक्षण मेकॅनिकल, काम सॉफ्टवेअर. त्याने अमेरिकेचं कुठेतरी वाचलं आणि विचारलं, "भावोजी, आपल्याकडे असं नसतं का हो?" घराचा हप्ता चालू आहे, वडिलांच्या रिटायरमेंटला तीन वर्षं राहिली आहेत. राजीनामा टाकून स्वप्नाच्या मागे वगैरे धावणं त्याच्या घरात बसत नाही. म्हणून तो पार्टटाइमचा रस्ता शोधत होता. त्याला 'नाही रे बाबा' सांगून मोकळं होणं सोपं होतं. पण मग दुसरा रस्ता बघताना एक गोष्ट दिसली आणि माझीच झोप उडाली.

तो रस्ता म्हणजे एएफकॅट. परीक्षा वर्षातून दोनदा होते. फ्लाइंग ब्रँचसाठी वय 20 ते 24, आणि हे वय परीक्षेच्या दिवशी नाही तर कोर्स सुरू होण्याच्या दिवशी मोजतात. फेब्रुवारीच्या परीक्षेचा कोर्स पुढच्या जानेवारीत. म्हणजे 23 वर्षांच्या मुलाच्या हातात 'अजून एक वर्ष' नसतं, धरून चला की एकच परीक्षा असते. (कमर्शियल पायलट लायसन्स असेल तर 26 पर्यंत सूट, पण ते काढायला लाखो रुपये लागतात.) पुढे गांधीनगरसारख्या ठिकाणी सिलेक्शन बोर्ड, आणि तिथली कॉम्प्युटरवरची पायलट चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. नापास म्हणजे कायमचे नापास, रिट्राय नाही. डोळे लागतात, उंची 162.5 सेंटिमीटर लागते, पायाची लांबीसुद्धा 99 ते 120 च्या मध्ये लागते. नागपूरची अंतरा मेहता इंजिनिअरिंग करूनच गेली आणि 2020 मध्ये महाराष्ट्रातली पहिली महिला फायटर पायलट झाली. तेव्हा इंजिनिअरला हे दार बंद नाही, फक्त ते फार थोडा वेळ उघडं असतं.

मावशींचा प्रश्न एकच होता, "आणि हप्ता?" त्यालाही उत्तर आहे. ट्रेनिंगच्या शेवटच्या वर्षात महिना 56,100 रुपये स्टायपेंड मिळतो. शॉर्ट सर्व्हिसची नोकरी 14 वर्षांची, पेन्शन नाही, अडतिशीत पुन्हा नव्याने सुरुवात. हे मी त्यांच्यापासून लपवलं नाही. त्या गप्प झाल्या, आत गेल्या आणि शिवणाची टेप घेऊन आल्या. भिंतीला टेकवून पोराचे पाय मोजले. 103 भरले.

असो. विशीत असलेल्या आणि आकाशात आवाज आला की अजून मान वर करणाऱ्या वाचकांसाठी एवढंच: पायलट होणं पूर्णवेळच आहे, पण अर्ज, अभ्यास, व्यायाम आणि सिलेक्शन बोर्ड ही सगळी कामं नोकरी सांभाळून होतात. राजीनाम्याची वेळ निवड झाल्यावर येते, आधी नाही. तेव्हा या शनिवारी निदान स्वतःची जन्मतारीख आणि पुढच्या कोर्सची तारीख शेजारी शेजारी लिहून बघा. वजाबाकी 24 च्या आत येत असेल तर बाकीची यादी, गिटार आणि आंब्याची बाग वगैरे, नंतरही होईल.