माघातले दहिवर

आमच्या सांगलीस थंडी पडते, नाही असे नाही. पण ती पाहुण्यासारखी येते आणि पाहुण्यासारखीच जाते. कृष्णेच्या घाटावर पहाटे स्नानास जाणाऱ्या वृद्धांचे दात चार दिवस वाजतात, पेटीतल्या शाली उन्हास लागतात आणि संक्रांतीचा तिळगूळ संपतो न संपतो तोच दुपारी अंगणात पाय भाजू लागतात. दहिवर पानावरच गोठून पांढरे होते आणि त्याने झाड मरते, ही गोष्ट सांगलीकराने पुस्तकात वाचावी. मीही ती पुस्तकातच वाचली होती. रघुवंशाच्या आठव्या सर्गात इंदुमतीच्या निधनानंतर अजराजा जो शोक करतो, त्यात हिमाने गेलेल्या कमलिनीचा दृष्टांत येतो. शाळेच्या वेळेबाहेर घरी येणाऱ्या मुलांना हा सर्ग मी किती वेळा शिकविला असेन याची गणती नाही. अन्वय लावला, समास सोडविले, अलंकार सांगितला. पण हिमाने झाड मरते म्हणजे नक्की काय होते, हे मला एकाही मुलाने विचारले नाही; आणि विचारले असते तर मला ते सांगता आले नसते.

ते मला कळले २०१९ साली, शके १९४० च्या माघात, महाबळेश्वरी. कसे कळले ते आज लिहितो, कारण आमच्या घरात ती गोष्ट अजून पुरती कोणास ठाऊक नाही. हे मासिक आमच्या घरी येते आणि माजघरात ते मोठ्याने वाचलेही जाते. तेव्हा हा लेख वाचला जाईल, याची मला कल्पना आहे.

माझा पुतण्या पुण्यातील नोकरी सोडून लिंगमळ्याच्या बाजूस वीस गुंठे जमीन खंडाने घेऊन स्ट्रॉबेरी लावू लागला, तेव्हा घरातून विरोध झाला आणि त्यात माझा आवाज सर्वांत मोठा होता. शिकल्यासवरल्या मुलाने मातीत हात घालू नये असे माझे मत नव्हते. परंतु ज्या मातीचा आपल्याला पिढीजात परिचय नाही, तीत कर्ज काढून उतरू नये असे होते. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि आपल्या मनाचे केले. दोन वर्षे बरी गेली. तिसऱ्या वर्षी त्याने मला आग्रहाने बोलाविले, "काका, थंडीचे दोन महिने इकडे राहा. सूनबाईंनाही सोबत होईल." मी गेलो. गेलो तो गुरुजी म्हणूनच गेलो, हे आता लक्षात येते.

महाबळेश्वर सुमारे साडेचार हजार फूट उंचीवर आहे. तेथे परदेशी भाजीपाला रुजविण्याचा खटाटोप जुना आहे; एकोणिसाव्या शतकात येथील तुरुंगात ठेवलेले चिनी कैदी बागा राखीत, आणि एका धबधब्यास त्यांच्यावरून पडलेले नाव अजून चालू आहे. सिंकोनाची लागवडही लिंगमळ्यास करून पाहण्यात आली, ती फसली. स्ट्रॉबेरी मात्र रुजली, इतकी की २०१० साली महाबळेश्वरच्या या फळास भौगोलिक मानांकन मिळाले. पावसाळा सरता सरता रोपे लावावयाची, मार्गशीर्षाच्या सुमारास पहिला तोडा, आणि मग फुलांचे एकामागून एक बहार घेत चैत्रापर्यंत जावयाचे, असा तेथला क्रम. माघात दुसऱ्या मोठ्या बहाराची फुले रानभर उमललेली असतात. कर्जाचे हप्ते याच बहारावर फिटतात.

घराच्या मागे चार वाफे मी माझ्याकडे मागून घेतले होते. त्यात वांगी, टोमॅटो आणि घेवडा यांची रोपे मी बोटाबोटाने वाढविली होती. निवृत्त मास्तराला वर्ग नसला की तो रोपांची हजेरी घेतो.

माघी गणेशजयंती शुक्रवारी, ८ फेब्रुवारीस आली. सांगलीकराला हा दिवस काय असतो, ते सांगावयास नको. सकाळपासून सूनबाई मोदकांच्या गडबडीत होत्या. दुपारी शेजारच्या रानातील आजी बांधावर आल्या. वयाने माझ्याहून दहा वर्षांनी वडील असतील. शाळेचे तोंड पाहिलेले नाही. त्यांनी एकवार आभाळाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "गुरुजी, वारं पार पडलंय, आभाळ आरशावानी झालंय. आज राती दहिवर गोठणार. पोराला सांगा, ऊन हाय तंवर पानी द्या, आन् सांजच्याला रोपं झाका."

पुतण्या लगेच पंपाकडे निघाला. मी त्याला थांबविले.

का थांबविले, ते सांगतो. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा अध्याय आहे. सहाव्या शतकातील हा ग्रंथ. त्यात लावलेल्या झाडांना उन्हाळ्यात दोन्ही वेळा, थंडीत एक दिवसाआड आणि पावसाळ्यात जमीन सुकल्यास पाणी द्यावे, असा नियम दिला आहे. गुरुवारी पाणी झाले होते. तेव्हा शुक्रवारी देण्याचे कारण नाही, हा माझा सिद्धांत. त्याला मी व्यवहाराची जोड दिली: "अरे, थंडीत ओल्या अंगाने माणूस बाहेर निजला तर काय होईल? तेच झाडाचे." आणि झाकण्याविषयी म्हणालो की संक्रांत जाऊन तीन आठवडे झाले, परवा वसंतपंचमी, आता कसले दहिवर गोठते!

त्याने एकदा आजींकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले. "बरं काका," म्हणाला आणि पंपाची किल्ली खिशात ठेवली. त्या क्षणी त्याने मला उलट उत्तर दिले असते तर मला राग आला असता, आणि त्याचे रान वाचले असते.

चतुर्थीची कोर लवकर मावळली. रात्री अंगणात उभा राहिलो तेव्हा नक्षत्रे इतकी स्पष्ट होती की कृत्तिकांचा पुंजका मी सूनबाईंना बोट दाखवून मोजून दाखविला. पान हलत नव्हते. त्या शोभेचे मी कौतुक करीत होतो.

पहाटे पाच वाजता पुतण्याने हाक मारली नाही. पण दाराचा आवाज ऐकून मी उठलो. रानात विजेरीचा प्रकाश फिरत होता. बांधावरच्या गवतावर कोणी मीठ पसरावे तसे पांढरे पडले होते. स्ट्रॉबेरीच्या प्रत्येक पानाच्या दातेरी कडेला शुभ्र किनार होती, आणि दिसावयास ती, काय सांगू, सुंदर दिसत होती. त्याने ओला पाला पेटवून एक मोठी शेकोटी केली होती. धूर सरळ वर गेला आणि मग छपरासारखा आडवा पसरला. आम्हा दोघांनाही वाटले की या छपराखाली ऊब राहील. ती राहिली नाही.

ऊन आले तसे पांढरे विरघळले आणि खरा प्रकार दिसू लागला. माझा घेवडा उकडलेल्या पालेभाजीसारखा लोळागोळा होऊन काळा पडला होता. टोमॅटोची तीच गत. स्ट्रॉबेरीची फुले वरून पांढरीच होती. मला वाटले, वाचली. पुतण्याने एक फूल वाकवून मला आतला भाग दाखविला. मधला पिवळा गड्डा, ज्याचे पुढे फळ होते, तो काळा ठिक्कर पडला होता. त्याने दुसरे दाखविले, तिसरे दाखविले. मग दाखवावयाचे सोडून दिले.

त्याच सकाळी वेण्णा तलावाकडे हौशी प्रवासी मोटारींच्या टपावरील हिमकण खरवडून हातात घेत होते आणि छायाचित्रे काढीत होते. त्यांचा दोष नाही. मीही रात्री कृत्तिका मोजल्याच होत्या.

आजींचे रान आमच्या बांधाला बांध लागून. त्यांनी दुपारी पाणी दिले होते आणि कळकाच्या कमानींवर जुनी लुगडी, गोणपाटे, जे मिळेल ते टाकले होते. ऊन चांगले वर येईपर्यंत त्यांनी ते काढले नाही. त्यांची कडेची दोन ओळी फुले गेली, बाकी राहिली. उतारावर आमच्यापासून पन्नास पावले वर असलेल्या एका रानात तर काहीच न करता काही झाले नव्हते.

हे असे का, याचा शोध मी नंतर घेतला. म्हातारपणी विद्यार्थी होण्याचा योग आला. दिवसा जमीन ऊन पिते आणि रात्री ती उष्णता आकाशात सोडते. ढग असतील तर त्यातील पुष्कळशी परत फिरते. आभाळ निरभ्र असले की ती निघून जाते. वारा असला तर वरची ऊबदार हवा खाली मिसळते. वारा पडला की गार हवा जड होऊन पाण्यासारखी उतारावरून वाहते आणि खोलगटात साचते. वेण्णा तलावाचा परिसर हा असाच खोलगट. म्हणून वेधशाळेचा उष्णतामापक, जो जमिनीपासून सुमारे चार फूट उंच पेटीत असतो, पाच-सहा अंश दाखवीत असताही खाली पानावर पाणी गोठते. झाडाला जे मारते ते वरून पडलेले हिम नव्हे. पेशींमध्ये पाणी गोठते आणि त्या फुटतात, सुकतात.

ओल्या जमिनीचे गुपित यातच आहे. कोरडी भुसभुशीत माती उष्णता साठवीत नाही आणि खालची वरही येऊ देत नाही. ओली माती दिवसभर साठविते आणि रात्रभर हळूहळू देते. म्हणून "ऊन हाय तंवर पानी". आच्छादन ती उष्णता अडविते, मात्र ते पानाला टेकता कामा नये. टेकले तेथे पान जळते. आणि धूर? धूर जमिनीची उष्णता जवळजवळ अडवीतच नाही. उपयोग होतो तो आगीच्या उबेचा, आणि तोही एका मोठ्या आगीने नव्हे. मोठी आग वरच्या ऊबदार थराला भोक पाडून आपली उष्णता घेऊन वर जाते. लहान लहान पुष्कळ शेकोट्या हव्यात. नाशिककडे निफाडचे द्राक्षबागाईतदार कडाक्याच्या थंडीत रात्री बागांतून शेकोट्या करतात. फ्रान्सात एप्रिल २०२१ मध्ये वेली फुटल्यावर थंडी आली तेव्हा मळेच्या मळे मेणबत्त्यांच्या डब्यांनी उजळले होते, तरी मोठी हानी झाली. युरोपात कित्येक ठिकाणी मे महिन्याच्या मध्यावर येणारे काही संतांचे दिवस उलटल्याखेरीज नाजूक रोपे बाहेर लावीत नाहीत. संक्रांत झाली की संपले, असे ते लोक मानीत नाहीत.

सर्वांत नवल मला अमेरिकेतील फ्लोरिडा प्रांताचे वाटले. तेथे स्ट्रॉबेरीचे शेतकरी गोठणाऱ्या रात्री झाडांवर अखंड पाणी शिंपडत राहतात आणि झाडे बर्फाने मढवितात! पाणी गोठताना दर ग्रॅमामागे सुमारे ऐंशी कॅलरी उष्णता बाहेर टाकते, आणि पाणी पडत राहिले तोवर आतले फूल शून्य अंशाखाली जात नाही. मध्येच पाणी थांबले तर मात्र सर्वनाश. जानेवारी २०१० मध्ये तेथे प्लँट सिटीच्या आसपास सलग अनेक रात्री असे पाणी उपसल्याने शेजाऱ्यांच्या विहिरी आटल्या आणि जमिनीत मोठमोठे खड्डे पडले. आमच्या आजींची लुगडी मला यापुढे फार शहाणी वाटतात.

वराहमिहिराचे काय? त्याचा बिचाऱ्याचा काय अपराध! त्याने रोजचा नियम सांगितला, आपत्तीचा नव्हे. त्याच अध्यायात पुढे थंडी, वारा आणि ऊन यांनी झाडांस रोग होतो, पाने फिकटतात, अंकुर वाढत नाहीत, फांद्या सुकतात, रस गळतो, असे स्पष्ट सांगितले आहे. खराब भाग शस्त्राने काढून वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्यावा असा उपायही आहे. ते श्लोकही मला पाठ होते. त्या दुपारी मला सोयीचा तेवढाच आठवला.

सांगलीहून फोन आला तेव्हा मी ओसरीत होतो. पुतण्या आपल्या वडिलांस सांगत होता, "थंडीने बहार गेला, दादा. इथे सगळ्यांचंच थोडंफार झालं." सगळ्यांचे झाले नव्हते. पाणी आणि पंपाची किल्ली याविषयी त्याने एक अक्षर काढले नाही. पुढे सांगलीस आल्यावर मंडळी म्हणाली, "तुम्ही सांगतच होतात, नको म्हणून." मी त्यावर काही बोललो नाही. माझ्या भाकिताची घरात वाहवा झाली आणि मी ती गप्प बसून घेतली. घेवडा मेला याचे मला दुःख झाले, बहार गेला याचे अधिक झाले. पण रात्री झोप येईनाशी झाली ती या वाहवेने.

त्याचे रान मेले नाही. स्ट्रॉबेरीचा गाभा जमिनीलगत असतो, तो वाचला होता. काळी फुले आणि करपलेली पाने आम्ही तिघांनी आठ दिवस बसून खुडली. आजी दोन दिवस येऊन हात लावून गेल्या आणि त्या दुपारचा विषय त्यांनीही काढला नाही. फाल्गुनात पुन्हा फुले आली. पण एक बहार गेला तो गेला. त्या वर्षीचे दोन हप्ते सूनबाईंच्या पाटल्यांनी भरले. ही गोष्टही घरात ठाऊक नाही. ती आता ठाऊक व्हावी, आणि आमच्या वाटणीच्या भाताच्या रकमेतून पाटल्यांची भरपाई करावी, असे मी थोरल्या बंधूंस या लेखाद्वारे विनवितो. तोंडाने सांगण्याचा धीर मला झाला नाही.

आता दरवर्षी पौष लागला की मी एक गाठोडे महाबळेश्वरी पाठवितो. माझ्या ट्रंकेत सुती पातळे होती, बारा वर्षे घडी न मोडलेली. ती कोणाची, हे घरच्यांस सांगावयास नको. सूनबाईंनी पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा त्या म्हणाल्या, "काका, ही रानात नको." मी म्हटले, सुती आहेत, हलकी आहेत, पानाला भार होणार नाही. कमानींवर ती नीट बसतात. फाल्गुनाच्या अखेरीस ती धुऊन, घडी घालून परत येतात. दोन विरली आहेत. हिरव्या काठाचे अजून धड आहे.