टक् म्हणजे काय?

यंत्र बिघडलें कीं घरांतील प्रत्येक मनुष्य वैद्य होतो. मुलाला ताप आला तर चार मतें निघतात. मोटार सुरू झाली नाहीं तर चौदा निघतात, आणि त्यांपैकीं तेरा जणांचा काढा एकच: 'नवी बॅटरी घाला.' ज्यांच्या दारांत मोटार आहे अशा वाचकांनीं आपल्या ओसरीवरील अशी एखादी सभा आठवून पाहावी.

आमच्या घरीं ही सभा थट्टेची राहिली नव्हती. आमचे वडील चुलते अण्णा यांस मूत्रपिंडाच्या विकारामुळें आठवड्यांतून तीन वेळां डायलिसिससाठीं भीमेपलीकडे न्यावें लागतें. तेथील यंत्रावर प्रत्येक रोग्याची वेळ ठरलेली असते. आपण उशिरां पोहोंचलों तर आपल्या वांट्याचे तास कमी होतात, आणि रक्तांत राहिलेला मळ पुढचे दोन दिवस आपला हिशेब चुकता करतो. त्यांतून आमचें काष्टी म्हणजे जनावरांच्या बाजारासाठीं प्रसिद्ध असलेलें गांव. शनिवारीं रस्ता बैलांचा, व्यापाऱ्यांचा आणि टेंपोंचा असतो, आणि त्या गर्दींत ऐन वेळीं दुसरें वाहन मिळवावयाचें म्हणजे दिव्यच.

आणि गाडीनें रुसण्यास नेमका शनिवार धरला होता. चावी फिरवावी, पुढून 'टक्' असा एकच आवाज यावा, कीं पुढें सर्व शांत. थोड्या वेळानें तीच गाडी कांहीं न झाल्यासारखी सुरू होई. बॅटरी दिवाळींतच बदलली होती. एका कारागिरानें 'स्टार्टर जळाला' असें निदान करून भली मोठी रक्कम सांगितली होती. निदान अगदींच अडाणी नव्हतें. स्टार्टरच्या आंतील संपर्क झिजले तरीही असाच टक् होतो. परंतु त्यानें एकदांही मापक हातांत घेतला नव्हता, आणि हें अण्णांस खुपलें होतें. अण्णांचें आयुष्य रेल्वेच्या विद्युत्-विभागांत गेलेलें.

त्या शनिवारीं ते मागच्या बाकावर शाल पांघरून बसले होते. आम्ही त्यांना उतरवून घेऊं लागलों तों ते म्हणाले, "मी उतरत नाहीं. आधीं पुढचे दिवे लावा, आणि मग चावी फिरवा. दिव्यांकडे बघा, इंजिनाकडे नको."

ही युक्ति साधी आहे, पण तींत सगळें शास्त्र भरलें आहे. पुढच्या दोन दिव्यांना मिळून सुमारें दहा अँपियर प्रवाह पुरतो; स्टार्टरला तेवढ्या क्षणापुरता शंभराहून अधिक लागतो. दिवे मुळांतच मिणमिणते असतील तर बॅटरी रिती. चांगले असून चावी फिरवितांच माना टाकीत असतील तर बॅटरी दुबळी, किंवा तिच्या खुंट्यांवरची पकड सैल अथवा क्षारानें खाल्लेली. आमचे दिवे मात्र टक् झाल्यावरही होते तसेच लखलखीत राहिले.

"मग बॅटरी निर्दोष," अण्णा म्हणाले. "वीज एकतर स्टार्टरपर्यंत पोहोंचत नाहीं, नाहीं तर तिला परत यायला वाट नाहीं. मापक आण, बाळ."

हें बाळ म्हणजे आमची पुतणी. तिनें प्रथम बॅटरीच्या दोन खुंट्यांमधील दाब मोजला: 12.5 व्होल्ट. भरलेली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखविते, 12.2 म्हणजे निम्मी उतरलेली. नंतर मापकाची एक सुई ऋण खुंटीवर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर टेंकवून तिनें आम्हांस चावी फिरविण्यास सांगितलें. ह्या दोन जागा एकाच परतीच्या वाटेवरच्या; त्यांच्यांत अर्ध्या व्होल्टाहून अधिक अंतर पडूं नये. मापकावर आठ दिसले. स्टार्टर आंतून तुटलेला असता तर मोठा प्रवाहच वाहिला नसता आणि हा आंकडा शून्याजवळ राहिला असता. म्हणजे स्टार्टर बिचारा मागत होता. वाट अडली होती.

इंजिन रबराच्या गाद्यांवर बसविलेलें असतें, म्हणून त्याला गाडीच्या सांगाड्याशीं जोडणारी तांब्याच्या तारांची एक विणलेली पट्टी असते. दिव्यांची परतीची वाट सांगाड्यावरून थेट जाते. त्यांना ह्या पट्टीचें सोयरसुतक नाहीं. पट्टीचें टोंक चिखलानें व हिरव्या कळंकानें खाल्लें होतें. ऊन, गारवा, रस्त्यावरचा हिसका यांनीं तें कधीं टेंके, कधीं सुटे. म्हणूनच गाडी कधीं चाले, कधीं न चाले.

पुतणीनें हातांतील बांगड्या काढून ठेविल्या, गाडी गियरमध्यें नाहीं हें पाहिलें, आणि जोडतारेचें एक टोंक ऋण खुंटीस व दुसरें इंजिनास लाविलें. पहिल्या फेऱ्यांतच इंजिन घुमूं लागलें. आम्ही निघालों ते वीस मिनिटें उशिरां. दवाखान्यांत आधीं फोन केला होता, त्यामुळें अण्णांचे तास वांचले.

वाटेनें अण्णा जुन्या अँबॅसडरच्या हँडलाच्या गोष्टी सांगत होते. 1912 सालीं केटरिंग नांवाच्या अमेरिकन गृहस्थाचा विजेचा स्टार्टर कॅडिलॅक गाडीला लागला, त्यापूर्वीं उलट फिरलेल्या हँडलानें किती मनगटें मोडलीं याचा हिशेब नाहीं. "पण हँडलाला कळंक लागत नव्हता," असेंही ते म्हणाले. हा त्यांचा पक्षपात आहे. आम्ही तो सोडून दिला.

नवी पट्टी त्याच कारागिरानें बसविली. त्यानें जुनी पट्टी उलटसुलट पाहिली आणि मापकाची ती रीत पुतणीकडून दोनदां समजावून घेतली. आतां दर शनिवारीं बाजाराला आलेला एखादा टेंपो आमच्या दारासमोर रुसला कीं अण्णा मागच्या बाकावरून काच खालीं करून ओरडतात, "अरे, आधीं दिवे लाव!" आणि आम्ही घड्याळाकडे पाहत हॉर्न वाजवितों.