वाक्यपृथक्करण

'टाइम फ्लाइज लाइक ॲन ॲरो.' काळ बाणासारखा उडून जातो, एवढा अर्थ आपल्याला पुरतो. १९६०च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठात सुसुमू कुनो आणि अँथनी ओटिंगर यांच्या संगणकाला मात्र या वाक्यात एकाहून अधिक रचना सापडल्या. 'टाइम' क्रियापद धरले, तर ती आज्ञा ठरते: बाणाची वेळ मोजतात तशी माश्यांची मोजा. 'लाइक' क्रियापद धरले, तर 'टाइम' जातीच्या माश्यांना बाण आवडतो! हसू येते खरे. पण व्याकरणाच्या दृष्टीने यांत चूक काढता येत नाही.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला माणसांनी पृथक्करण केलेल्या इंग्रजी वाक्यांचा 'पेन ट्रीबँक' हा संग्रह आला. अशा संग्रहांवरून शिकून यंत्रे अधिक संभाव्य अशी एकच रचना निवडू लागली.

वर्गात मीही तेच करीत आलो. 'मी मुलाला धावताना पाहिले' या वाक्यात एका विद्यार्थिनीने 'धावताना' हे 'मी'शी जोडले होते. मी लाल रेघ ओढून गुण कापला. कुनोंच्या यंत्राने दोन्ही रचना मांडल्या असत्या. त्या वर्षीच्या उत्तरपत्रिका केव्हाच रद्दीत गेल्या.