वाट आणि उंबरठा

'यात्रा' आणि 'प्रवास' हे दोन शब्द मराठीत शेजारी नांदत असले, तरी त्यांचे गोत्र एक नव्हे. यात्रेकरू कोठे पोचायचे हे ठरवूनच घर सोडतो आणि वाटेत सोसलेले हाल देवाच्या खात्यावर जमा करतो. प्रवासी वाटेचाच हिशेब मांडतो: काय पाहिले, किती चाललो, कोठे उतरलो. मराठीतील चांगले प्रवासलेखन बहुधा या दोहोंच्या सीमेवर घडले आहे. मथुरेच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने वेदमूर्ती विष्णुभट गोडसे १८५७ साली वरसईहून निघाले, बंडाच्या धामधुमीतून जीव वाचवीत उत्तर हिंदुस्थान हिंडले, आणि परतताना आईवडिलांना गंगास्नान घडावे म्हणून गंगेची कावड पायी घेऊन आले. 'माझा प्रवास' या नावात 'यात्रा' हा शब्द नाही. पण ती कावड नावाला पुरून उरते. गो. नी. दांडेकरांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा', इरावतीबाई कर्व्यांचा 'परिपूर्ती'तील वारीवरचा लेख, दि. बा. मोकाशींची 'पालखी', ही सारी याच सीमेवरील वस्ती होय.

अभ्यागत प्राध्यापक म्हणून लखनौला आल्यापासून मी गोमतीपल्याड निशातगंजच्या एका गल्लीत राहते आणि मराठी न जाणणाऱ्या विद्यार्थ्यांना ही पुस्तके अनुवादातून शिकवते. शिकवताना एक गोष्ट वारंवार ध्यानात येते. वाटेविषयी आपण पुष्कळ लिहिले आहे. वाट जेथे संपते त्या उंबरठ्याविषयी त्या मानाने थोडे. २०२३ च्या नोव्हेंबरात जपानच्या की द्वीपकल्पात चार दिवस डोंगर तुडवून आल्यावर ही जाणीव अधिक तीव्र झाली.

ही वाट 'कोहेची' या नावाने ओळखली जाते. कोयासान हे शिंगोन या बौद्ध पंथाचे पीठ आणि कुमानो-होंगू हे शिंतो देवस्थान यांना जोडणारी ती सुमारे सत्तर किलोमीटरांची डोंगरवाट आहे. कुमानोकडे जाणाऱ्या जुन्या वाटांसह तिचा २००४ साली जागतिक वारशात समावेश झाला, आणि तेव्हापासून तेथे भाविकांच्या बरोबरीने, किंबहुना त्यांहून अधिक संख्येने, केवळ चालण्याच्या आवडीने लोक येऊ लागले. तीन खिंडी ओलांडाव्या लागतात: ओबाको, मिउरा आणि हातेनाशी. तिन्ही हजार मीटरांहून उंच. प्रत्येक संध्याकाळी तळच्या खोऱ्यात उतरायचे आणि प्रत्येक सकाळी पुन्हा पहिल्या पायरीपासून चढायचे, असा तिचा क्रम आहे.

माझी सोबतीण नागपूरची. महाविद्यालयात ती पाली शिकवते. तिची आजी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर होती. सह्याद्रीतले बहुतेक गड आम्ही दोघींनी एकत्र पाहिले आहेत. तेव्हा चालण्याची भीती नव्हती. तिच्या दृष्टीने मात्र या प्रवासाचे मुख्य स्थळ वाटेच्या शेवटी नसून आरंभीच होते. कोयासान विद्यापीठाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. वाकायामा प्रांत आणि महाराष्ट्र यांच्यातील सहकार्याचे ते एक फळ. नागपूरकरांना हा संबंध परका वाटत नाही. कारण १९६० नंतरच्या दशकात नागपुरात येऊन स्थायिक झालेले भदंत सुरेई ससाई यांची मूळ दीक्षा शिंगोन परंपरेतलीच. माझी सोबतीण पुतळ्यापाशी हात जोडून पुष्कळ वेळ उभी राहिली. मी बाजूला होऊन तिची पाठपिशवी सांभाळली.

कोयासानची स्थापना ८१६ साली कुकाई या आचार्यांनी केली. त्याआधी चीनमधील छांगआन येथे त्यांनी प्रज्ञ नावाच्या भारतीय पंडिताकडे संस्कृताचे धडे घेतले होते. ८३५ साली ते निवर्तले असे इतिहास सांगतो. श्रद्धा सांगते की ते ओकुनोइन येथील गुहेत आजही ध्यानस्थ आहेत. म्हणून दिवसातून दोनदा त्यांना भोजन नेले जाते. आळंदीच्या संजीवन समाधीची कथा ऐकत वाढलेल्या कोणाही मराठी माणसाला हे नवल वाटणार नाही. ओकुनोइनच्या दोन किलोमीटर वाटेच्या दुतर्फा उंच सुगी वृक्षांखाली दोन लाखांहून अधिक थडगी आहेत. त्यांतील कित्येक पंचमहाभूतांच्या आकृतींची, पाच दगडांची. दगडांवर सिद्धम् लिपीत वरून खाली ख, ह, र, व, अ ही बीजाक्षरे कोरलेली: आकाश, वायू, तेज, आप, पृथ्वी. शेवाळाखालून आपलीच वर्णमाला ओळख देते तेव्हा अभ्यासकाला मोह होतो. जपानी कानाक्षरांचा अ-इ-उ-ए-ओ हा क्रमही संस्कृत वर्णविचारावरूनच बेतलेला आहे. पहाटे मठात चालणाऱ्या 'गोमा' या अग्निविधीच्या नावात आपला होमच आहे. मोह असा होतो, की आता सर्वत्र आपलेच काही शोधीत जावे.

त्या मोहाला पहिला आळा डोंगराच्या कडेला बसला. तेथे 'न्योनिन-दो' नावाची एक साधी लाकडी वास्तू आहे. अर्थ, स्त्रियांचे दालन. कोयासानवर स्त्रियांना प्रवेश नव्हता. डोंगराच्या सात प्रवेशवाटांवर अशी सात दालने होती. स्त्रियांनी तेथवर यावे, थांबावे, आणि कडेकडेने डोंगराला वळसा घालून आतल्या देवालयांना दुरूनच नमस्कार करावा. १८७२ साली शासनाने ही बंदी उठवली. सातांपैकी आज एकच दालन उरले आहे. सोबतीण म्हणाली, "म्हणजे ही चोखोबाची पायरीच की गं!" मी काहीच बोलले नाही. पण पुढील चार दिवस या एका वाक्याने माझी पाठ सोडली नाही.

वाट कष्टाची होती. ओल्या दगडी फरसबंदीवर सुगीची वाळकी पाने साचलेली असतात आणि पाय सरकतो. या भागात काळी अस्वले आहेत, म्हणून पिशवीला लहानशी घंटा बांधून चालायचे. वारकऱ्याच्या टाळासारखी ती पावलागणिक वाजत राहते. पहिला मुक्काम ओमाता, दुसरा मिउरागुची. तिसऱ्या दिवशी आम्ही तोत्सुकावा खोऱ्यात उतरलो. १८८९ सालच्या महापुराने या खोऱ्याची वाताहत केली. घरेदारे गमावलेले सुमारे अडीच हजार लोक उत्तरेच्या होक्काइदो बेटावर गेले आणि तेथे त्यांनी वसवलेल्या गावाला 'शिन-तोत्सुकावा', म्हणजे नवे तोत्सुकावा, असे नाव दिले. त्याच पुराने खाली होंगूचे मूळ देवालयही उद्ध्वस्त केले. वाचलेल्या वास्तू नदीकाठावरून उचलून टेकडीवर नेण्यात आल्या.

तोत्सुकावाच्या गरम पाण्याच्या झऱ्यांनी पाय मोकळे झाले आणि आम्ही बोलत बसलो. मी सोबतिणीला इप्पेन या भिक्षूची कथा सांगितली. इप्पेन १२३९ साली जन्मले, म्हणजे ज्ञानेश्वरांहून एक पिढी आधीचे. अमिताभ बुद्धाचे नाम लिहिलेल्या चिठ्ठ्या ते वाटेत भेटेल त्याला देत. एकाने चिठ्ठी घेण्यास नकार दिला: माझ्या मनात श्रद्धा उपजलेली नाही, मी घेऊ कशी? इप्पेन यांच्याकडे उत्तर नव्हते. १२७४ साली कोयासानहून कुमानोला आल्यावर होंगू येथे देवतेने त्यांना डोंगरी तपस्व्याच्या रूपात दर्शन दिले. तारण तुझ्या उपदेशाने होत नाही, ते आधीच झालेले आहे; तेव्हा श्रद्धावान की अश्रद्ध, शुद्ध की अशुद्ध, हा भेद न करता चिठ्ठ्या वाट, असा तिचा आदेश होता. पुढे इप्पेन आणि त्यांचे अनुयायी गावोगावी नाम घेत नाचू लागले. त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १२९९ साली, पूर्ण झालेल्या चित्रपटात त्यांच्या मेळ्याभोवती भिकारी आणि रक्तपितीचे रोगीही दिसतात. जवळपास त्याच काळात नामदेव पंढरपुरी कीर्तनात नाचत होते. दोघांना एकमेकांचे नाव ठाऊक असणे शक्य नव्हते.

मग इझुमी शिकिबूची दंतकथाही आली. दहाव्या-अकराव्या शतकांच्या संधीवरची ही कवयित्री होंगू दृष्टिपथात आल्यावर रजस्वला झाली, आणि आता देवापुढे जाता येणार नाही म्हणून तिने खेदाची कविता रचली. रात्री स्वप्नात देवतेने कवितेनेच तिला उत्तर दिले आणि आत बोलावले. ते उत्तर चौदाव्या शतकातील राजाज्ञेने सिद्ध झालेल्या काव्यसंग्रहात आहे. स्त्रीला वेशीवर थांबवणारा डोंगर आणि तिला आत बोलावणारा देव, दोन्ही एकाच वाटेच्या दोन टोकांना! सोयराबाईंनी विटाळाविषयी जो प्रश्न देवाला घातला, त्याचे उत्तर येथे कोणी देऊन ठेवले आहे, असे मी काहीशा उत्साहाने म्हणाले.

सोबतीण शांतपणे म्हणाली, "अगं, देवानं बोलावलं हे खरं धरू. पण देवळाच्या किल्ल्या देवाकडं असतात का? विठ्ठलानंही चोखोबाला जवळ केलंच होतं म्हणतात. समाधी कुठं झाली? पायरीशी. आणि दार उघडायला १९४७ साल उजाडलं, साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. माझ्या आजीला तोवर थांबायचं नव्हतं, आणि नंतर त्या दारात जायचंही नव्हतं."

यावर वाद घालण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. चौथ्या दिवशी आम्ही हातेनाशी चढलो. 'हातेनाशी' म्हणजे जिला अंत नाही अशी. कड्यावरच्या वस्तीतून पलीकडच्या डोंगरांच्या रांगांवर रांगा दिसतात. वाटेच्या कडेला अवलोकितेश्वराच्या, त्यांच्या भाषेत कान्नोनच्या, तेहेतीस पाषाणमूर्ती आहेत. दुपार कलता कलता होंगूला पोचलो. ज्या नदीकाठावर जुने देवालय होते तेथे आता ३३.९ मीटर उंचीचे तोरण उभे आहे. ते २००० साली उभारले. दोन पाऊलवाटा, एक कमान आणि मोकळे मैदान. आत मूर्ती नाही, पुजारी नाही, कोणी अडवणारेही नाही. सोबतीण कमानीखालून आत गेली, गवतावर बसली आणि बूट काढून तिने पायांचे फोड पाहिले. मीही शेजारी बसले.

कथा येथे संपवता आली असती. परंतु दुसऱ्या दिवशी आम्ही नदीच्या कडेने बसने शिंगूला गेलो. कुमानोच्या तीन महास्थानांपैकी एक या नगरात आहे. आणि कादंबरीकार केन्जी नाकागामी (१९४६–१९९२) हेही याच नगरचे. जपानमध्ये पिढ्यानपिढ्या अस्पृश्य लेखल्या गेलेल्या बुराकू समाजात त्यांचा जन्म झाला. १८७१ च्या शासकीय फर्मानाने या समाजाची हीन नावे रद्द केली. १९२२ साली 'सुइहेइशा' या संघटनेच्या रूपाने तो स्वतःच्या बळावर उभा राहिला. देवतेने शुद्ध-अशुद्ध हा भेद मोडल्याला तेव्हा साडेसहाशे वर्षे होत आली होती. कुमानोच्या याच पवित्र भूमीतील आपल्या वस्तीची दुःखे आणि वासना नाकागामींनी कोणतीही भीडभाड न ठेवता लिहिल्या आणि अकुतागावा पुरस्कार मिळवला. मराठीत 'गोलपिठा' १९७२ चा. नाकागामींचे महत्त्वाचे लेखन त्याच दशकात सुरू होते. नामदेव-इप्पेन ही जोडी मला डोंगरावर सुचली होती. ढसाळ-नाकागामी ही जोडी सोबतिणीच्या बोलण्यामुळे शिंगूत सुचली. पहिली जोडी दुसरीवाचून अपुरी आहे. किंबहुना एकटी ती दिशाभूल करणारी आहे.

तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासात साम्याचा आनंद मोठा असतो आणि तो खोटाही नसतो. दोन दूरच्या देशांत एकाच शतकात माणसे नाम घेत नाचली, देव कर्मकांडापलीकडे जाऊन बोलला, ही मानवी मनाची साक्ष होय. पण संतांचे शब्द जुळले म्हणजे समाज जुळले असे होत नाही. आणि दोन्हीकडे दार उघडे असल्याचे शब्द असूनही दार बंदच राहिले असेल, तर तेही साम्यच आहे, आणि अभ्यासकाने त्याचीही नोंद घेतली पाहिजे. इरावतीबाईंनी वारीवर लिहिताना हे केले. दिंडीत बरोबर चालणारी, एकच अभंग म्हणणारी माणसे मुक्कामाला जातवार वेगळ्या पंक्तींत जेवतात, हे त्यांनी पाहिले, त्याचे दुःख मानले आणि ते लिहून ठेवले. वारीवरचे त्यांचे प्रेम त्यामुळे कमी झाले नाही. त्या प्रेमावर आपला विश्वास बसतो तो मात्र या नोंदीमुळे.

लखनौला परतल्यावर वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले, "मैडम, आप दर्शन करने गई थीं या घूमने?" हिंदीतही या दोन क्रियांमधले अंतर तेवढेच आहे. मी तिला सांगितले की चालायला गेले होते, आणि माझी मैत्रीण एका पुतळ्याला भेटायला. मग या सत्रासाठी वाचनाचा क्रम बदलला: सोयराबाई आणि इझुमी शिकिबू, त्यानंतर इरावतीबाई, आणि शेवटी ढसाळ व नाकागामी. हा क्रम सोबतिणीला कळवला. तिचे उत्तर एका ओळीचे होते: आजीच्या पिढीने सांगितलेलेही काही घे, ते छापलेले नसले तरी. ते कसे घ्यावयाचे याचा विचार चालू आहे. पहिल्या तासाला तिलाच नागपूरहून बोलवावे, असे तूर्त ठरवले आहे.