पुढचे आसन

मुक्काम मालवण,
कार्तिक वद्य पंचमी

चि. मीरा हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

बर्गनहून धाडलेले तुझे पत्र परवा पोहोचले. पडवीत टांगलेल्या आमच्या दोन कयाकांच्या जागी नव्या छायाचित्रात दोन आसनांची एकच लांब कयाक का दिसते, आणि दिशा सांभाळण्याच्या मागल्या आसनावर काकू व पुढे मी, अशी योजना कशी झाली, अशी पृच्छा तू केली आहेस. तुझ्या वडिलांनी तुला यातला अर्धाच मजकूर कळवला असावा आणि त्यावरून आम्ही केवळ हट्टास पेटलो आहोत असा तुझा ग्रह झाला असावा, म्हणून सविस्तर लिहितो.

काही हिवाळ्यांपूर्वी माझ्या हृदयाच्या रोहिणीत अडथळा निघून तेथे स्टेंट बसवावा लागला, आणि मी सावरतो न सावरतो तोच काकूचा उजवा गुडघा बदलण्याची वेळ आली. तो सबंध मोसम कयाका झाकूनच राहिल्या. पुढे डॉक्टरांनी मला वल्हवण्याची परवानगी दिली ती एका अटीवर. हृदयाची गती मंद ठेवणारी जी गोळी मी घेतो, तिच्या अंमलामुळे श्रम झाले तरी नाडी पुरेशी वाढत नाही. सबब नाडीवर भरवसा न ठेवता, धाप न लागता सबंध वाक्य बोलता येईल इतकेच श्रम करावेत, असे त्यांनी बजावले. आता दोन निरनिराळ्या कयाकांत, मध्ये वारा आणि पाणी असता, माझे वाक्य पुरे झाले की तुटले हे काकूला कळावे कसे? म्हणून एकच कयाक घेण्याची तजवीज केली. जोडकयाकेत पुढचा माणूस जी लय धरतो तीच मागच्याने पाळायची असते. अशक्त माणूस मागे बसला, तर पुढच्याची बरोबरी करण्याच्या भरात तो आपल्या शक्तीबाहेर ओढत राहतो आणि ते कोणाच्या दृष्टीसही पडत नाही. मला पुढे बसवले ते यासाठी.

पाण्यावर मौन पाळण्याची माझी जन्माची सवय. ती मला सोडावी लागली. काकू मागून विचारते आणि मी सांगतो: माझ्या आजोबांच्या वेळची कुळांची भांडणे, रात्र रात्र जागून पाहिलेले दशावतार, तुझ्या वडिलांची शाळा. इतक्या वर्षांच्या संसारात जे बोलायचे राहून गेले होते त्यातले पुष्कळसे कर्लीच्या खाडीत बोलून झाले आहे, आणि हे या दुखण्याचे देणे आहे असे मी मनापासून मानतो. वाक्य मध्येच अडखळले की ती आपले वल्हे आडवे ठेवते. त्यावर तक्रार चालत नाही, आणि ती करावी असे मला कधी वाटलेही नाही.

काकूचे कष्ट माझ्याहून अधिक, पण ते ती बोलून दाखवत नाही. गुडघा टेकून उठणे तिला जमत नाही. म्हणून मांडीभर पाण्यात कयाक धरून ठेवायची, तिने आधी आसनावर आडवे बसायचे, मग पाय एकेक करून आत घ्यायचे. वल्ही आम्ही येथल्या सुताराकडून ग्रीनलंडच्या इनुइट लोकांच्या धर्तीवर करवून घेतली: अरुंद पात्याची, हलक्या लाकडाची, पाण्यात सावकाश शिरणारी, खांद्याला हिसका न देणारी. एक वाव आणि वर एक हात, म्हणजे ज्याचे वल्हे त्याच्याच शरीराचे माप, हा त्यांचा जुना शिरस्ता. काकूचे वल्हे म्हणून माझ्याहून चांगले वीतभर आखूड आहे.

वेळेचा बंदोबस्त तिथीवरून होतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा आपल्या किनाऱ्यावरील जाणत्यांचा हिशेब. एकादशीस सव्वाआठच्या सुमारास पाणी पुरते चढते आणि उधाणाचा जोरही नसतो. तेव्हा उजाडता देवबागच्या आतल्या अंगाने निघून, कांदळवनाच्या कडेने चढत्या पाण्याबरोबर वर जायचे आणि पाणी फिरले की ओहोटीबरोबर उतरायचे. मुखाशी ओहोटीची ओढ समुद्राकडे असते, म्हणून त्याच्या पुष्कळ अलीकडेच आम्ही काठ गाठतो. शेजारच्या बायका याला काकूचे एकादशीचे व्रत समजतात.

समुद्र मात्र सोडलेला नाही. मार्गशीर्षापासून माघापर्यंत, पहाटेचा मतलई वारा पडून खारा वारा सुटण्यापूर्वी जो निवांत अवधी मिळतो, त्यात चिवल्याहून निघून सिंधुदुर्गाच्या महादरवाजाच्या बाजूस जाऊन येतो. पूर्वी आम्ही किल्ल्याला पुरी प्रदक्षिणा घालीत असू. पश्चिमेच्या तटावर आपटून परतणारी लाट येणाऱ्या लाटेला भिडते आणि तेथले पाणी दोन्ही अंगांनी उसळते. तिकडे आता जात नाही. तो तट पुन्हा पाण्यावरून दिसणार नाही याचे मला दुःख आहे, आणि ते तुझ्यापाशी लपवण्याचे कारण नाही.

ओस्कर श्पेक नावाचा जर्मन गृहस्थ १९३२ साली उल्महून घडीच्या कयाकेतून निघाला आणि आपल्या याच पश्चिम किनाऱ्याने लंकेकडे उतरून १९३९ साली ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोहोचला, हे तुला ठाऊक नसेल. वाटेत हिवतापाने तो वारंवार आडवा झाला. बरा होईतो थांबला आणि पुन्हा निघाला. लोक त्याच्या धाडसाची वाखाणणी करतात. मला त्याच्या थांबण्याचे अधिक अप्रूप वाटते, कारण प्रवास तहकूब करणे आणि सोडून देणे यांतले अंतर त्याने पक्के ओळखले होते.

नाताळच्या सुटीत येत असशील तर आगाऊ कळव, म्हणजे तिथी पाहून बेत ठरवता येईल. येताना पाण्यात घालावयाचे, चिवट तळव्याचे जोडे आम्हा दोघांसाठी आण. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीमुळे, खडकावरच्या कालवांच्या धारेने पाय कापला तर माझे रक्त लवकर थांबत नाही, आणि येथले जोडे एका मोसमात फाटतात. मापे काकूने निराळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत जोडली आहेत.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा,
काका